काल्याशिवाय सप्ताह उठवणाऱ्यांनो, निदान आधी सांगत जा!

परवा रात्री दीड वाजता घरात पुतण्या ओरडला. चोरबिर आला की काय म्हणून मी उठलो. बघतो तर पोरगं अंथरुणात बसलेलं, हातात मोबाईल, चेहरा बारावीचा निकाल लागल्यासारखा. "काका, संपलं! असं कसं संपलं?" आठ भाग सलग बघितले होते त्यानं. आठव्याच्या शेवटच्या मिनिटाला नायकाच्या कपाळाला पिस्तूल, पडदा काळा, गोळीचा आवाज, आणि नावं वर सरकायला लागली. पुढचा सिझन कधी येणार ते कुठं लिहिलेलं नाही. येणार की नाही, तेही नाही.

मालिकेचं नाव सांगत नाही. कोणतंही टाका, बसतंय.

आता मला माहितीये, खाली पहिली कमेंट काय येणार. "पीकविमा सोडून, रस्त्याचे खड्डे सोडून पत्रकार साहेब मालिकांवर लिहू लागले." लिहा खुशाल. पण ही कमेंट लिहिणारा आज रात्री जेवताना ताटाशेजारी मोबाईल टेकवूनच बसणार आहे, हेही मला माहितीये. जिंतूरपासून पालमपर्यंत कोणत्याही घरात रात्री साडेआठनंतर जाऊन बघा, लोक कशापुढं बसलेले असतात. जिथं माणसाचा रोजचा दीड-दोन तास वेळ जातो ती गोष्ट सार्वजनिकच असते. आणि तिथं उधारी चालू आहे. तारीख नसलेली, न लिहिलेली उधारी. ती आपण देतोय आणि आपल्याला कळतही नाही.

उत्सुकता ताणून ठेवण्यावर माझा आक्षेप नाही. आपण सप्ताहाच्या मुलखातली माणसं. गंगाखेड जनाबाईचं, आणि आपल्याकडं गाव कितीही लहान असो, वर्षातून एकदा मंडप पडतोच. चांगला कीर्तनकार दृष्टांत अर्ध्यावर सोडतो आणि गजर सुरू करतो. म्हातारी माणसं टाळ्या वाजवता वाजवता विचार करत बसतात की त्या सुनेचं पुढं काय झालं. काही महाराज तर हुशारीनं सांगतात, "राहिलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. यात काही वावगं नाही, ही कलाच आहे. पण सात दिवस झाले की काल्याचं कीर्तन होतं, हंडी फुटते, लाह्यांचा प्रसाद हातात पडतो, पंगत उठते, मग मंडप सुटतो. काल्याशिवाय सप्ताह उठवलेला तुम्ही कधी बघितला का? मी नाही बघितला. कारण गावाकडून वर्गणी घेतलेली असते.

वर्गणी हा शब्द लक्षात ठेवा. मोबाईलवर 'सबस्क्रिप्शन' म्हणून जे कापलं जातं, त्याला मराठीत वर्गणीच म्हणतात.

आमच्या पिढीनं दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका बघितल्या. तेरावा भाग म्हणजे शेवट. मग रोजच्या मालिका आल्या. सह्याद्रीवर दुपारी 'दामिनी' लागायची. प्रतीक्षा लोणकर पत्रकार झालेल्या. खरं सांगायचं तर पुढं मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला त्यात निम्मा वाटा त्या बाईंचा. (पगाराचं कोणी दाखवलं नाही त्यात, ती माझी चूक.) रोजच्या मालिकेत रोजच लटकावून ठेवायचे. कोणीतरी दार उघडायचं आणि चेहऱ्यावर कॅमेरा थांबायचा. शुक्रवारचं लटकणं सोमवारपर्यंत. पण सोमवार यायचाच. उधारी होती, पण तारखेची होती. २००७ ते २००९ मध्ये झी मराठीवर सतीश राजवाडेंची 'असंभव' लागायची तेव्हा आपल्याकडं भारनियमन जोरात. ऐन मोक्याला लाईट जायची. तरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी शेजारणीकडून ऐकून यायचं आणि घरात सांगायचं. ती मालिका पुनर्जन्माची होती, दोन काळांत चालायची, गुंता भरपूर. पण शेवटी सगळे धागे बांधून मग उठली.

अख्खा सिझन टांगून ठेवायची युक्ती अमेरिकेची. 'डॅलस' नावाची तिथली मालिका. तेलसम्राटांचं भांडखोर कुटुंब, आपल्याकडच्या सासू-सुनांच्या मालिकांची थोरली आत्याच म्हणा. २१ मार्च १९८० ला सिझनच्या शेवटच्या भागात जे. आर. या खलनायकाला गोळी लागली. कोणी घातली ते दाखवलंच नाही. गोळीचं उत्तर मिळालं २१ नोव्हेंबर १९८० ला. मध्ये आठ महिने, कारण नटांचा संप झाला आणि शूटिंग लांबलं. त्या आठ महिन्यांत तिथं पैजा लागल्या, टीशर्ट विकले गेले, आणि जे. आर.चं काम करणाऱ्या लॅरी हॅगमनानं 'आता माझे पैसे वाढवा' म्हणून चॅनलवाल्यांनाच टांगून ठेवलं. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी घातल्याची दृश्यं शूट करून ठेवली होती. शेवटी निघाली मेहुणी. उत्तराचा तो भाग आठ कोटींहून जास्त लोकांनी बघितला.

जगभर या किश्श्याचं कौतुक 'बघा कसं ताणलं' म्हणून होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्यांनी उत्तर दिलं. संप झाला, नट अडून बसला, तरी दिलं. आपल्या लोकांनी तिथून ताणायचं तेवढं उचललं.

सगळेच तसे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. 'रात्रीस खेळ चाले' घ्या. २०१६ ला पहिला भाग आला, पहिल्याच दिवशी अण्णा नाईक गेले आणि तिथून नाईकांच्या वाड्यात भानगडी सुरू झाल्या. त्याचा शेवट आमच्या घरात कोणालाच पटला नव्हता. आमची वहिनी तर दोन दिवस झी मराठीच लावत नव्हती. पण २०१९ ला दुसरा भाग आणताना त्यांनी एक धाडस केलं. गोष्ट मागं नेली. अण्णा जिवंत, शेवंता घरात येण्याआधीचे दिवस. म्हणजे हा माणूस मरणार हे बघणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत. तरी लोक रात्री साडेदहापर्यंत जागे राहायचे. कोण मेलं हे लपवून नाही, तर तो असा कसा झाला हे दाखवून माणसं बसवता येतात, हे मराठी मालिकेनंच सिद्ध केलंय. मग कपाळाला पिस्तूल लावून पडदा काळा करायची गरज कोणाला पडते? ज्याच्याकडं सांगायला पुढं काही नसतं त्याला.

आणि 'समांतर'. याच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, राग मानू नका.

१३ मार्च २०२० ला एमएक्स प्लेअरवर आली. स्वप्नील जोशी म्हणजे कुमार महाजन, परिस्थितीनं वैतागलेला माणूस. त्याला कळतं की तो जे आयुष्य जगतोय ते सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसानं आधीच जगून संपवलंय. मग त्या चक्रपाणीचा शोध. नऊ भाग. चक्रपाणी सापडतो, त्याच्या डायऱ्या कुमारच्या हातात येतात, आता उद्या काय होणार ते आज वाचता येणार, आणि तिथं सिझन संपतो. आठवड्याभरात जनता कर्फ्यू, मग लॉकडाऊन. आमचे आबा एसटीतून निवृत्त झालेले, घरात अडकलेले. मोबाईलवर त्यांनी आयुष्यात बघितलेली ही पहिली मालिका. दोन दिवसांत संपवली आणि माझ्या मागं लागले, "त्या वहीत काय हाय ते सांग." मी म्हटलं, आबा, ही सुहास शिरवळकरांची कादंबरी आहे. पुढचं पुस्तकात असेल.

झालं. वाचनालयं बंद. एका मित्राकडं शिरवळकरांचा गठ्ठा होता, पोलिसाला प्रेसचं कार्ड दाखवत जाऊन मी पुस्तक आणलं. (अत्यावश्यक सेवेत बसतं का ते तुम्ही ठरवा.) आबांनी ते दोन रात्रींत वाचलं. मी विचारलं, काय निघालं शेवटी? तर म्हणाले, "तू थांब. सिझन येऊ दे. मंग सांगतो तुमच्या लोकांनी काय बिघडवलं ते." वर्षभर मला असंच झुलवलं. मुद्दाम. जेवताना हसायचे नुसते.

एप्रिल २०२१ च्या लाटेत आबा गेले. समांतरचा दुसरा सिझन १ जुलै २०२१ ला आला. मी एकट्यानं बघितला. पुस्तक अजून उघडलेलं नाही.

यात समांतरवाल्यांचा काही दोष नाही. त्यांनी लटकावलं ते इमानदारीनं. एका प्रश्नाचं उत्तर दिलं, चक्रपाणी सापडला, मग दुसरा प्रश्न ठेवला, आणि सव्वा वर्षात, करोनातसुद्धा, परत येऊन गोष्ट सांगितली. शिवाय उत्तर आधीपासून छापलेलं होतं, ज्याला घाई त्यानं वाचावं. मी हा किस्सा सांगतोय तो एवढ्यासाठी की 'पुढच्या सिझनला बघू' म्हणणारे लोक गृहीत धरून चालतात की बघणारा तोपर्यंत असणार. माणसाकडं वेळ मोजका असतो, साहेब. तुमच्या सर्व्हरवर पडून राहायला तो व्हिडिओ नाही.

आता दुसरी बाजू. 'सेक्रेड गेम्स'. २०१८ ला पहिला सिझन, दुसरा १५ ऑगस्ट २०१९ ला. मुंबईवर अणुबॉम्ब येणार, पंचवीस दिवस उरलेत, हा सगळा ताण. शेवटी सरताजसमोर बॉम्ब, यंत्रावर बोटानं आकृती काढायची, शेवटची संधी. त्यानं आकृती काढली. बरोबर निघाली की चुकली? पडदा. आज इतकी वर्षं झाली, तिसरा सिझन आलेला नाही. मुंबई वाचली का गेली? आम्हाला वाली नाही. कोणी विद्वान सांगतात की तोच शेवट होता, उघडा शेवट, कला असते ती.

उघडा शेवट आणि अर्धवट शेवट यातला फरक आम्हाला कळतो हो. 'सैराट'चा शेवट आठवा. ते लेकरू रक्तात भरलेल्या पावलांनी दाराबाहेर जातं. त्याचं पुढं काय झालं, कोण सांभाळतं त्याला, काहीच सांगितलेलं नाही. तरी परभणीत थिएटरातून बाहेर पडताना एकही माणूस 'पुढं काय' म्हणाला नाही. कोणी बोललंच नाही मुळात. गोष्ट पूर्ण झाली होती. प्रश्न आपल्यासाठी होता, तो आपल्यासोबत घरी आला. अर्धवट शेवटात प्रश्न आपला नसतोच. तो प्रश्न असतो कंपनीचा की किती जणांनी शेवटपर्यंत बघितलं, आणि त्या आकड्यावर पुढं पैसे घालायचे का. म्हणजे आपण बघत नसतोच, आपण मतदान करत असतो. निकाल त्यांच्याकडं. आकडा ते कोणाला दाखवत नाहीत.

'देवमाणूस'चं तर मला आजही खटकतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाईजवळच्या धोमचा डॉक्टर पकडला गेला, सहा खुनांचा आरोप. तो खटला कोर्टात चालू असतानाच २०२० ला त्यावरून सुचलेली मालिका सुरू झाली आणि ऑगस्ट २०२१ ला संपलीही. डिसेंबरमध्ये दुसरा सिझन. २०२५ ला 'मधला अध्याय' म्हणून तिसरा. किरण गायकवाडनं काम फक्कड केलं, वाद नाही. पण विचार करा, सिझन परत आणायचा असेल तर कोण जिवंत राहिलं पाहिजे? खुनी. मेलेल्या बायांना दुसरा सिझन नसतो. प्रेक्षकाला टांगून ठेवायचा खुंटा म्हणजे तो डॉक्टर, म्हणून त्याला निसटू द्यायचं, परत आणायचं. तिकडं खऱ्या घरातली माणसं कोर्टाची पुढची तारीख घेऊन घरी चाललेली. त्यांच्यासाठी कोणी महाएपिसोड लावला नाही.

आता म्हणाल, तुम्ही पत्रकार काय वेगळं करता? बरोबर बोललात. मी वीस वर्षं बातम्या लिहितोय आणि गुन्ह्याच्या प्रत्येक बातमीचं शेवटचं वाक्य एकच असतं, "पुढील तपास पोलीस करीत आहेत." हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं लटकवणं. चोरी झाली, पुढील तपास. ट्रॅक्टर उलटला, पुढील तपास. त्या पुढील तपासाचं काय झालं हे विचारायला मी स्वतः किती वेळा परत गेलो? हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. रोजची नवी बातमी द्यायची असते, जुनीला जागा नसते. तिथंही आकडाच.

डिसेंबर २०२४ तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड, आणि न्यायालयीन कोठडीत असलेला कायद्याचा एक विद्यार्थी गेला. तेव्हा शहरात ओबी व्हॅनची रांग होती. 'ब्रेकनंतर बघू या' म्हणत दिल्ली-मुंबईची माणसं उभी होती. नंतर जुलै २०२५ मध्ये खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्या दिवशी मला स्टेशन रोडला एकही व्हॅन दिसली नाही. ही मालिका नव्हती, माणूस गेला होता. पण आम्ही ती मालिकेसारखी दाखवली आणि मालिकेसारखीच सोडून दिली. बघणाऱ्यालाही अर्धवट सोडायची सवय आता लागलीये, आणि ती सवय फक्त मनोरंजनापुरती राहत नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणावर बंदी नको, कात्री नको. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटीवाल्यांना प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का द्यावा लागतो, १३ वर्षांपुढं, १६ वर्षांपुढं, प्रौढांसाठी. हिंसा आहे, शिव्या आहेत, हेही लिहावं लागतं. नायकानं सिगारेट पेटवली की कोपऱ्यात इशारा येतो. मग त्याच कोपऱ्यात एक ओळ आणखी लिहा: 'या सिझनमध्ये कथा पूर्ण होत नाही. पुढचा सिझन ठरलेला नाही.' बस. एवढं वाचूनही ज्याला बघायचं तो बघेल. किराणा दुकानदारसुद्धा 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लावतो, तुम्ही एवढे मोठे लोक, तुमच्याकडं पाटी नाही? आणि सिझन रद्द केला असेल तर लेखकाकडून दोन पानं लिहून घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, आणि टाका त्याच ॲपवर. पुढं काय होणार होतं, फक्त दोन पानं. शूटिंगचा खर्च नाही, नटाच्या तारखा नाहीत.

काही जण म्हणतील, फुकट बघता, वर तोंड करून बोलता. फुकट कोणी बघत नाही. रिचार्ज कोण भरतं? मध्ये मध्ये त्या ऑनलाईन रमीच्या जाहिराती कोणी सोसल्या? आमच्याच पोरांनी.

त्याच नियमांत तक्रारीची सोय आहे. प्रत्येक ओटीटीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि १५ दिवसांत तक्रारीचा निकाल द्यावा लागतो. पुतण्याची ती रात्र झाल्यावर मी त्या कंपनीच्या अधिकाऱ्याला मराठीत मेल टाकला. तीन मुद्दे: कथा अपूर्ण असल्याचं आधी का सांगितलं नाही, पुढचा सिझन ठरलाय का, नसेल तर शेवट लेखी देणार का. दहा मिनिटांत इंग्रजीत उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि खाली तुम्हाला आवडतील अशा आणखी सहा मालिका. त्यातल्या दोन पुतण्यानं आधीच बघितल्यात. त्याही अर्धवटच आहेत, तो सांगतो.

काल परत मेल टाकलाय. या वेळी नियमाचा उल्लेख करून, आणि यंत्राचं नको, माणसाचं उत्तर पाहिजे असं लिहून. तुम्हीही टाका, मराठीतच टाका. मजकूर पाहिजे असेल तर इनबॉक्समध्ये या, देतो. काल धरून १५ दिवस मोजतोय. सोळाव्या दिवशी इथंच लिहितो, उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी.